माझं नावाचा फोल्डर

ताईला ऑफिसात सगळे ताई म्हणायचे, आणि तेच तिचं पहिलं दुखणं होतं. साहेब तिच्यापेक्षा वयानं मोठे, पण तेही ताईच म्हणायचे. का? तर धाकटी म्हणते म्हणून. धाकटी या कंपनीत लागायच्या आधी सगळे तिला चांगलं मॅडम म्हणत होते. मग ही सख्खी धाकटी बहीण येऊन शेजारच्या टेबलावर बसली, दिवसभर "ताई, हे बघ ना", "ताई, चहा घेतेस?" सुरू झालं आणि बघता बघता ती सगळ्या ऑफिसची ताई होऊन बसली. मॅडम हे पद मात्र रिकामं राहिलं नाही. ते धाकटीला मिळालं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? काहीच नाही हो. पण ज्याच्या पोटात दुखतं ना, त्याला विचारा.

कंपनी तशी छोटी. लशी ठेवायच्या थंड खोल्या असतात, त्यांच्यावर पहारा ठेवणारे प्रोग्रॅम ती करून द्यायची. खोलीत तापमानाचे सेन्सर, बाहेर एक कॉम्प्युटर, आणि त्यावर हे प्रोग्रॅम. एक आकडा पडद्यावर दाखवायचा, एक आलेख काढायचा, एक अहवाल छापायचा आणि एक भोंगा वाजवायचा. लशी दोन ते आठ अंशांत ठेवायच्या. तापमान वर गेलं तरी माल वाया, आणि गोठला तरी वाया. आकडा आठाच्या वर चढला किंवा शून्याखाली उतरला की भोंग्यानं बोंब मारायची. हा भोंग्याचा प्रोग्रॅम ताईचा होता, आणि तो तिनं कोणाला हात लावू दिला नव्हता.

आता थोडं कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रोग्रॅम म्हणजे एक फाइल. पण ती दिसते तेवढी स्वतःच्या पायावर उभी नसते. तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की मी चालणारी फाइल आहे, मला इथून सुरू करा, आणि हो, मला अमक्या लायब्ररीची गरज लागते. लायब्ररी म्हणजे दुसरी फाइल, सगळ्यांना लागणारं काम एकदाच करून ठेवलेली. त्यातल्या एकेका छोट्या कामाला फंक्शन म्हणतात, आणि प्रत्येकाला आपलं नाव असतं. प्रोग्रॅम सुरू केला की आधी लोडर नावाचा मदतनीस धावतो, ती लायब्ररी शोधून आणतो, दोघांची गाठ मारून देतो, आणि मग काम सुरू होतं. इमारतीत बिऱ्हाडं चार आणि शिडी एक, असं समजा. सगळे तीच शिडी नेतात. शिडीचा मोडका पाय एकदा नीट केला की चारही घरांचं काम भागतं.

सेन्सर वाचायची अशीच एक लायब्ररी होती. ती मुळात ताईनं लिहिलेली, अगदी एकटीनं, कंपनीत चहाचं मशीनही नव्हतं तेव्हा. मग धाकटी आली आणि साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यामागे कामं खूप झालीत. लायब्ररी यांच्याकडे द्या, जरा नव्यानं मांडू देत."

धाकटीनं मांडली. आणि तेव्हापासून जो तो तिचंच कौतुक. "मॅडमची लायब्ररी काय सुंदर चालते!" "मॅडमच्या लायब्ररीमुळे माझं काम निम्म्यावर आलं!" समोरच्या टेबलावरचा चष्मेवाला तर सेन्सरचा आकडा पडद्यावर उमटला की मान डोलवायचा, जणू गाणंच ऐकतोय. ताई हसून "हो ना" म्हणायची. आतून अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ती लायब्ररी तिनं एकदाही उघडून बघितली नव्हती, की आपला भोंगा तिच्यावर चालवला नव्हता. माझ्या हातचं मोडून हिनं काय बांधलंय, ते मी कशाला बघू?

खरं तर हे सगळं आईनं करून ठेवलेलं. लहानपणी घरात एकच वाक्य होतं, "वाटून घ्या गं दोघी." खोली वाटून, टेबल वाटून, सायकल वाटून. म्हणायला वाटून, पण सायकल ताईची होती आणि फिरायची धाकटी. दोघींच्या कपाटात ताईनं एका खणावर खडूनं 'माझं' असं लिहून टाकलं होतं. त्या खणात विशेष काही नव्हतं, दोन रिबिनी आणि एक बंद पडलेलं घड्याळ. खणाला कुलूपही नव्हतं. पण धाकटीनं तो कधी उघडला नाही, हे ताईला पक्कं माहीत होतं, कारण ती त्या खणाच्या दाराला एक केस चिकटवून ठेवायची आणि रोज तपासायची. केस कधी तुटलेला सापडला नाही. त्याचाही तिला राग यायचा.

आता आई फोन करायची तोही, "धाकटी सांगत होती, तुमचं मोठं काम यायचंय म्हणे?" म्हणजे बातमीसुद्धा तिच्याकडूनच पोचलेली.

मोठं काम यायचं होतं, हे खरं. शहराच्या औषधभांडाराच्या नव्या इमारतीतल्या सगळ्या थंड खोल्या कंपनीला मिळणार होत्या, चाचणी पार पडली तर. साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "हे काम आलं की आपल्या गटाला एक प्रमुख लागेल. चाचणी मॅडम बघतील. नीट झाली की पुढचं ठरवूच." असं म्हणून ते धाकटीकडे बघून हसले. मग काहीतरी आठवल्यासारखं ताईकडे बघूनही हसले.

ते दुसरं हसू ताईच्या जिव्हारी लागलं. त्या जागेवर तिचा हक्क होता. केस पांढरे तिचे झाले होते, डोळ्यांखाली काळं तिला आलं होतं, आणि प्रमुख कोण, तर जिला हिनंच 'फाइल सेव्ह कशी करायची' ते शिकवलं ती! "शिकवलं हीच चूक झाली," ती चहाच्या मशीनपाशी स्वतःशी पुटपुटली.

आणि मग तिनं एक गोष्ट केली. वाईट म्हणावी अशी नाही, पण चांगली तर नाहीच नाही.

चालणाऱ्या फाइलमध्ये एक सोय असते. फाइल तयार करताना तिच्या पोटात लिहून ठेवता येतं की लायब्ररी आधी अमक्या फोल्डरमध्ये शोध, तिथे नाही मिळाली तरच सगळ्यांच्या सामाईक जागी जा. लोडर बिचारा आज्ञाधारक. लिहिलेलं असेल तिथेच आधी जातो. ताईनं आपली मूळची जुनी लायब्ररी शोधून काढली, भोंग्याच्या प्रोग्रॅमशेजारी एक फोल्डर केला, त्यात ती ठेवली, आणि प्रोग्रॅमच्या पोटात लिहून टाकलं, आधी इथे बघ. फोल्डरचं नाव काय द्यावं याचा तिला फार विचार करावा लागला नाही. 'माझं.'

सगळी दुनिया धाकटीच्या लायब्ररीवर चालू दे. माझा भोंगा चालणार नाही. त्या दिवशी तिला चहासुद्धा गोड लागला.

त्यानंतर लगेचच, चाचणी तोंडावर आली असताना, सगळ्यांना धाकटीचा निरोप आला. "लायब्ररीत एक चूक होती. तापमान शून्याखाली गेलं की उणे चिन्ह गळून पडत होतं. उणे तीनचे नुसते तीन दिसायचे. चूक माझी. आता दुरुस्त करून नवी लायब्ररी ठेवली आहे. कोणाला काही करायला नको, आपापला प्रोग्रॅम फक्त बंद करून पुन्हा चालू करा."

ताईनं निरोप वाचला आणि तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चुकली! मॅडम चुकल्या! आणि चूक कसली, तर उणे चिन्ह गाळायची. तिसरीतलं पोर करेल तसली. तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अगं, शून्याखाली बघितलंच नव्हतंस का कधी?"

धाकटीनं मान वर केली. "राहून गेलं," एवढंच म्हणाली.

"काम नव्यानं मांडताना जुन्याकडे नीट बघावं माणसानं," ताईनं आणखी एक ठेवून दिली. चष्मेवाला चष्मा पुसायला लागला. बाकी सगळ्यांनी आपापले प्रोग्रॅम बंद करून चालू केले, आणि त्या एका फाइलनं सगळ्यांचं दुरुस्त झालं. ताईनं काहीच केलं नाही. तिला गरजच काय होती? चूक धाकटीच्या लायब्ररीत, आणि तिच्या भोंग्याला त्या लायब्ररीचा वारासुद्धा लागलेला नव्हता.

भोंगा तिनं ऑफिसात तपासला होता की. सेन्सर मुठीत गच्च धरला, आकडा आठाच्या वर गेला, भोंगा ठणाणा वाजला. शून्याखाली जाऊन बघायचं तिच्याही मनात आलं नव्हतं. ऑफिसात बर्फ कुठून आणणार!

चाचणीच्या दिवशी सकाळीच सगळे औषधभांडारात हजर झाले. पांढऱ्या फरशीची लांब मार्गिका, दोन्हीकडे जाड दारांच्या खोल्या, कॉम्प्युटर भिंतीत बसवलेला आणि वर लाल भोंगा. भांडाराच्या बाई ठेंगण्या, स्वेटर घातलेल्या, आणि कोणाच्या बोलण्याला भुलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एका खोलीत लशींऐवजी पाण्याच्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या.

"आधी गरम करते," म्हणत त्यांनी खोलीचं दार सताड उघडं टाकलं. आकडा चढत गेला, आठ ओलांडला, भोंगा कोकलला. साहेबांनी धाकटीकडे बघून मान डोलवली. ताईनं ते बघितलं. वाजला माझा भोंगा आणि मान डोलते हिच्याकडे!

"आता थंड," बाई म्हणाल्या. दार लावून त्यांनी बटण फिरवलं. सगळे पडद्याकडे बघत उभे राहिले. दोन. एक. शून्य. उणे एक. पडद्यावर उणे चिन्ह नीट उमटलं होतं, आलेखाची रेघ शून्याखाली उतरली होती, अहवालातही तसंच. उणे तीनवर आकडा येऊन थांबला. खोलीतल्या बाटल्या पांढुरक्या व्हायला लागल्या.

भोंगा गप्प.

"अहो, वाजत का नाही?" बाई म्हणाल्या. "माझ्या लशी असत्या तर एव्हाना बर्फाचे खडे झाले असते."

साहेबांचा चेहरा पडला. "मॅडम, हे उणे चिन्हाचं तुम्ही दुरुस्त केलं होतं ना? सगळ्यांना कळवलंत पण!" आवाज दबका होता, पण मार्गिकेत सगळ्यांना ऐकू गेला. "परत तीच चूक? गिऱ्हाइकासमोर? असं असेल तर ही लायब्ररी काढूनच टाकू आपण. आणि बाकीचंही मला परत ठरवावं लागेल."

बाकीचं म्हणजे काय ते दोघी बहिणींना कळलं. प्रमुखपद ताईच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. तिनं फक्त मूग गिळून उभं राहायचं होतं.

"बघते," धाकटी म्हणाली आणि कॉम्प्युटरसमोर बसली. ताई तिच्या मागे जाऊन उभी राहिली. एक छोटीशी आज्ञा असते, एलडीडी. तिला एखाद्या चालणाऱ्या फाइलचं नाव दिलं की ती सांगते, ही फाइल कुठली कुठली लायब्ररी कुठून उचलते. धाकटीनं ती आज्ञा पडद्याच्या प्रोग्रॅमवर चालवली. सेन्सरची लायब्ररी, सगळ्यांच्या जागेवरून. आलेख, तीच जागा. अहवाल, तीच जागा. मग तिनं भोंग्याचं नाव टाइप केलं.

एका ओळीत फोल्डर वेगळा होता. 'माझं.'

धाकटीची बोटं थांबली. ताईला तिची फक्त पाठ आणि मान दिसत होती. त्या मानेकडे बघत ती वाट पाहत राहिली. आता वळेल, आता सगळ्यांसमोर बोलेल. बोल की, एकदाचं होऊन जाऊ दे.

धाकटीनं पडद्यावरच्या ओळी पुसून टाकल्या. साहेबांकडे वळून म्हणाली, "लायब्ररीतच आहे काहीतरी. माझंच चुकलंय. थोडा वेळ द्या मला."

ऐकलंत? माझंच चुकलंय म्हणे!

कोणाला वाटेल, ताईला भरून आलं असेल. छे! आधी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे आता चांगुलपणातही हीच पुढे! सायकल हिची, मॅडम ही, लायब्ररी हिची, आईचा फोन हिला, आणि आता मोठ्या मनाची म्हणूनही हीच मिरवणार, मी मात्र आयुष्यभर त्याखाली वाकून राहायचं. मुळीच नाही.

"काही चुकलं नाहीये तिचं," ताई म्हणाली, आणि आपला आवाज केवढा मोठा आहे ते तिलाच कळलं. "भोंगा तिची लायब्ररी उचलतच नाही. माझी जुनी उचलतो. मी तसं लिहून ठेवलंय त्याच्यात. कोणाला न सांगता."

साहेब बघतच राहिले. "पण का?"

"कारण तिची नको होती मला."

एवढं स्वच्छ उत्तर साहेबांना नोकरीत कधी मिळालं नसावं. बाई मात्र कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ते तुमचं घरचं तुम्ही बघा. भोंगा वाजणार आहे का, ते सांगा."

"माझा फोल्डर काढला की लोडर सगळ्यांच्या जागी जाईल," ताई म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "पण चालायचा नाही तो. माझा प्रोग्रॅम माझ्या जुन्या फंक्शनांना नावानं हाक मारतो. ती हिच्या नव्या लायब्ररीत कुठे असणार? नाव सापडलं नाही की सुरूच होणार नाही."

"काढून तर बघ," धाकटी म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

ताई बसली. 'माझं' फोल्डर उडवला. भोंग्याचा प्रोग्रॅम बंद केला आणि चालू केला. लोडर आधी त्या फोल्डरच्या जागी गेला असेल, तिथे काही नाही म्हटल्यावर सगळ्यांच्या जागी गेला असेल. एकाही नावाबद्दल तक्रार आली नाही. आणि डोक्यावर तो लाल भोंगा असा काही किंचाळला की बाईंनी दोन्ही कान झाकले.

"वाजला!" साहेब ओरडले. ते त्या गोंगाटातच बाईंना बाजूला घेऊन काहीतरी समजवायला लागले.

ताई मात्र पडद्याकडे बघत होती. हा चाललाच कसा? पहिल्यांदाच तिनं धाकटीची लायब्ररी उघडली. आत कुठली कुठली फंक्शनं आहेत, त्यांची नावं बाहेरून वाचता येतात. ती एकेक नाव खाली सरकवत गेली. नावं तिचीच होती. तिनं ठेवलेली, तिच्या सवयीनं मध्येच छोटी केलेली, एक तर चुकीच्या स्पेलिंगसकट. जुन्या प्रोग्रॅमांचे हाल होऊ नयेत म्हणून नव्या लायब्ररीत जुनी फंक्शनं त्याच नावांनी ठेवतात आणि प्रत्येकावर आवृत्तीचा शिक्का मारतात, तशी ठेवली होती. शिक्क्याला काहीही नाव देता येतं. धाकटीनं दिलं होतं 'ताई'. नावापुढे नाव, आणि प्रत्येकापुढे ताई, ताई, ताई.

"म्हणजे खालून सगळं माझंच आहे," ती म्हणाली.

"वरचं नवं आहे. पण शेवटी सगळं तुझ्याच फंक्शनपाशी येतं. तेच तर चांगलं होतं." भोंग्यामुळे धाकटीला तिच्या कानाशी तोंड न्यावं लागलं. "तू कधी उघडलीच नाहीस?"

चष्मेवाला इतके दिवस मान डोलवत होता ती कशावर, ते ताईला आत्ता कळलं. आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरं काही कळलं, आणि तिनं मान झटकन वळवली. "थांब. मग ते उणे चिन्ह?"

धाकटीची नजर भोंग्याकडे वळली.

"माझ्या फंक्शनमधून गळत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो गं."

"आणि तू सगळ्यांना कळवलंस की चूक माझी. मी तुला सगळ्यांदेखत टोमणे मारले, तरी तू ऐकून घेतलंस!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटू द्यायचं! मला कळलं असतं तर मी माझीही दुरुस्त केली असती. चूक तुझी आहे म्हटल्यावर मी कशाला बघायला जाते माझ्यात?" ताईचा राग काही हटेना. "अगं, सगळं तर वाटून घेतलंस माझ्याकडून. चूक तरी माझी राहू द्यायचीस!"

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसू फुटलं. ताईला हसायचं नव्हतं. ती उठून भोंगा बंद करायला गेली.

भांडाराच्या बाईंनी सगळी चाचणी पहिल्यापासून परत करायला लावली. गरम, थंड, गरम, थंड. संध्याकाळपर्यंत बाटल्या गोठून फुगल्या, पण काम कंपनीला मिळालं. प्रमुखपद धाकटीला मिळालं. ताईला साहेबांनी आत बोलावून दार लावलं, आणि ते जे काही बोलले ते तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं. बाहेर आली तर चष्मेवाला धाकटीचं अभिनंदन करत होता. पोटात दुखायचं ते दुखलंच. ते काही एका फोल्डरबरोबर उडवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती टेबलावर येऊन बसली तर सगळ्यांना धाकटीचा निरोप आलेला होता.

"उणे चिन्हाबद्दल मी आधी चुकीचं कळवलं होतं. ती चूक माझी नव्हती. ती ताईची होती."

बाकी काही नाही, एवढंच. शेजारच्या टेबलावर धाकटी मान खाली घालून काम करत होती. चष्मेवाला चोरून ताईकडे बघत होता, आता ही कडाडणार म्हणून.

ताईनं निरोप पुन्हा एकदा वाचला. सगळ्या ऑफिससमोर लिहिलेली, तिची एकटीची, कोणाशीही वाटून न घेतलेली चूक. तिनं तो निरोप जपून ठेवला. मग शेजारी वाकून म्हणाली, "चहा घेतेस?"